बाराखडी पाठ आहे, पण 'पू' वाचता येत नाही: कानाच्या खेळांबद्दल बोलूया

कानोकानी

परवा एक साडेपाच वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. आईनं सांगितलं, "हिची बाराखडी पाठ आहे, पण वाचायला बसली की अडते." बाराखडी खरोखरच पाठ होती. 'क का कि की' पासून निघाली ती पार शेवटपर्यंत, एका ठेक्यात, एकही अक्षर न गाळता. मग मी पाटीवर 'पू' लिहिलं. आधी म्हणाली, "पतंगातला प." मग उकाराकडे बोट नेलं आणि ओठांतल्या ओठांत सुरू झाली: प, पा, पि, पी, पु, पू. तिथं थांबली. बरोबर! मी लगेच शेजारी 'मू' लिहिलं. ती पुन्हा म, मा, मि, मी करत पहिल्यापासून निघाली.

पहिली-दुसरीच्या वयाची मुलं वाचायला बसवताना हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. रांगेत कितव्या जागी काय येतं ते त्या मुलीला माहीत आहे. पण 'पू' आणि 'मू' या दोघांच्या पोटात एकच 'ऊ' बसलाय, हे तिच्या कानाला कधी जाणवलेलंच नाही. मी पाटी बाजूला ठेवली आणि नुसतं तोंडी विचारलं, "पू, मू, कू, सू. शेवटी काय सारखं ऐकू येतं?" तिनं खरोखर विचार केला आणि म्हणाली, "सगळे वेगळे आहेत."

मुलगी हुशार आहे. तिला कुणी ऐकायला शिकवलेलं नाही, एवढंच.

याला ध्वनिजाणीव म्हणतात. बोललेल्या शब्दाचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या नुसत्या आवाजाकडे लक्ष देणं. यात पाटी-पेन्सिल लागत नाही, डोळे मिटून करता येतं. वाक्यात शब्द किती, शब्दाचे तुकडे किती, शेवट कुणाशी जुळतो, पहिला आवाज कोणता, तो काढून टाकला तर उरतं काय, हे सगळं यात आलं. पहिले दोन-तीन टप्पे मुलं खेळता खेळता पार करतात. अवघड असतो तो शेवटचा, एकेका सुट्या वर्णाचा, म्हणजे 'प्' किंवा 'आ' अशा एकेका आवाजाचा.

तो किती अवघड, याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा, १९७४ सालचा. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शब्द ऐकवायचे आणि त्यात जितके तुकडे तितके ठोके छोट्या लाकडी दांडीनं टेबलावर मारायला सांगायचे. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना उच्चाराच्या मोठ्या तुकड्यांचे ठोके जमले. सुट्या वर्णांचे मात्र एकालाही जमले नाहीत. सहा वर्षांच्या, म्हणजे पहिलीचं वर्ष संपत आलेल्या मुलांत हेच आकडे ९० टक्के आणि ७० टक्के होते.

चार वर्षांचं मूल 'पाणी'चे 'पा-णी' असे दोन तुकडे पाडतं, पण 'पा' मध्ये 'प्' आणि 'आ' आहेत हे त्याला ऐकू येत नाही, यात काळजीचं काहीच नाही. आपली लिपीही त्याला तिथंच थांबू देते, कारण आपण लिहितो ते अक्षर बहुतेक वेळा उच्चाराच्या त्या तुकड्याएवढंच असतं. सुरुवातीला ही मोठी सोय आहे. 'म', 'ग', 'र' ओळखता आलं की 'मगर' वाचता येतं. खरी अडचण मात्रा सुरू झाल्यावर येते. काना, वेलांटी, उकार या खुणा अक्षराच्या आतला अर्धा आवाज दाखवतात, आणि मुलाचा कान अजून अक्षराच्या आत शिरलेलाच नसतो. मग प्रत्येक मात्रा त्याच्यासाठी एक नवं चित्र होते आणि वाचन म्हणजे शेकडो चित्रांचं पाठांतर.

सोनाली नाग यांचा कन्नड शाळांतल्या मुलांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसतं: आपल्यासारख्या लिपीत मुलांची सगळ्या अक्षरांशी ओळख व्हायला काही इयत्ता जातात, तुकड्यांची जाणीव लवकर येते आणि वर्णांची सावकाश. मराठीची मात्रांची घडण तीच आहे, म्हणून मला तो अभ्यास अगदी घरातला वाटतो.

तुम्ही घरी किंवा वर्गात कानाचे काय खेळ घेता? कुठं अडलात? लिहा. त्या मुलीबरोबर मी पुढे काय केलं तेही सांगते.

---

निळीशाई

बरं झालं धागा काढलात. माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. आम्ही टाळ्यांचा खेळ खेळतो, शब्द म्हणायचा आणि तुकड्यागणिक टाळी वाजवायची. 'पाणी' दोन, 'खिडकी' दोन, सगळं छान चाललं होतं. काल 'कमळ' आलं. त्यानं दोन टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "अरे तीन. क, म, ळ." त्यानं परत दोन वाजवल्या. मी परत तीन वाजवून दाखवल्या. शेवटी तो उठून निघून गेला. आता टाळ्यांचं नाव काढलं तरी नको म्हणतो. माझं काय चुकलं?

---

कानोकानी

निळीशाई, तुमच्या मुलाचं बरोबर होतं.

'कमळ' मोठ्यानं म्हणून पाहा. क-मळ. शेवटच्या 'ळ'मधला 'अ' आपण उच्चारतच नाही. लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोन तुकडे. 'दरवाजा' लिहायला चार अक्षरं, टाळ्या तीन: दर-वा-जा. 'घरकुल' लिहायला चार, टाळ्या दोन. तुमच्या 'खिडकी'चंही तेच आहे. लिहिताना तीन अक्षरं, पण तिथं तुम्ही कान वापरलात आणि दोन मोजलेत. 'कमळ'ला डोळा मध्ये आला. आपण एकदा लिहायला शिकलो की शब्द ऐकतानाही डोळ्यांपुढे अक्षरं उभी राहतात आणि आपण ती मोजतो. तुमचा मुलगा अजून कानानंच मोजतोय. या वयात आपल्याला तेच तर हवंय!

मला विचाराल तर आज त्याला सरळ सांगा, "काल तुझं बरोबर होतं, मी चुकले होते." एवढ्यावर तो परत खेळायला येईल. टाळ्यांना कंटाळला असेल तर हनुवटीखाली हात आडवा धरायला सांगा. शब्द म्हणताना हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके तुकडे. मुलांना हे फार आवडतं, कारण उत्तर त्यांच्या स्वतःच्या हनुवटीकडून येतं, कुणा मोठ्याकडून नाही.

---

जुनीपाटी

मी निवृत्त शिक्षक. स्पष्ट लिहितो, राग नसावा. आमच्या पिढीनं बाराखडी घोकली, पाढे घोकले आणि आम्ही उत्तम वाचू लागलो. टाळ्या आणि हनुवट्या कुणी मोजल्या नाहीत. जे साध्या पाठांतरानं होतं त्याला एवढा पसारा कशाला? शिवाय खेळाच्या नावाखाली अक्षरओळख लांबणीवर पडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

---

कानोकानी

सर, राग कसला? तुमच्या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दुसरा मुद्दा आधी घेते, तो मला पूर्ण मान्य आहे. नुसते कानाचे खेळ वर्षभर खेळत बसायचं आणि अक्षर दाखवायचंच नाही, हे मी करत नाही. १९८३ मध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा एक अभ्यास 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला होता. आवाजांचे गट पाडण्यात मागे असलेली ६५ मुलं घेतली आणि दोन वर्षांत मिळून एकेकाला ४० वेळा शिकवलं. काहींना फक्त आवाजांवरून गट पाडायला, काहींना आवाजांबरोबर प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला दिली. वाचन आणि शुद्धलेखन दोन्हींत सगळ्यांत पुढे गेली ती आवाज आणि अक्षर एकत्र शिकलेली मुलं. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीनं २००० साली असे ५२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही अक्षरांची जोड दिलेली शिकवण जास्त फळली. आणि वेळ किती लागतो? एकूण ५ ते १८ तासांच्या शिकवणीचा परिणाम सगळ्यांत चांगला होता. दिवसाला दहा मिनिटं धरली तर एक ते साडेतीन महिन्यांचं काम. पसारा म्हणावा इतकं ते नाही.

अक्षरांशिवाय काहीच होत नाही असंही नाही बरं का. डेन्मार्कमध्ये लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी शाळेआधीच्या मुलांबरोबर आठ महिने रोज थोडा वेळ नुसते तोंडी खेळ घेतले, अक्षर एकही दाखवलं नाही. १९८८ मध्ये त्यांनी ते मांडलं. त्या मुलांना पुढे वाचन-लेखनात फायदा झाला. पण कान एकदा उघडला की अक्षर लगेच मागोमाग यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाठांतर. तुमची पिढी वाचू लागली हे खरंच. पण त्या वर्गातली काही मुलं मागच्या बाकावर राहिली, पुढं शाळा सोडून गेली, आणि त्यांना आपण 'ढ' म्हणून मोकळे झालो, हेही तितकंच खरं. पाठांतर करता करता ज्यांच्या कानाला 'ऊ' आपोआप सापडला ती तरली. ज्यांना नाही सापडला त्यांना तो कुणी दाखवला नाही.

तो दाखवावा लागतो, याचाही पुरावा आहे. पोर्तुगालमध्ये मोराइस आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढ माणसांना शब्दाचा पहिला वर्ण काढून किंवा नवा लावून म्हणायला सांगितलं. चांगली जाणती, बोलकी माणसं, पण बहुतेकांना ते जमलं नाही. त्यांच्यासारख्याच घरांतून आलेल्या, मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांना ते बऱ्यापैकी जमलं. वय वाढलं म्हणून सुटा वर्ण ऐकू येत नाही. वाचन आणि ऐकणं एकमेकांना ओढत पुढं नेतात.

राहिली बाराखडी. तिला नावं ठेवायचं माझ्या मनातही नाही. आपली वर्णमाला मुळात कानानंच रचलेली आहे. क-वर्ग कंठातून, मग टाळूपाशी, मग जीभ मागे वळवून, मग दातांशी आणि शेवटी ओठांवर. घशापासून ओठांपर्यंत क्रमानं येणारी अशी मांडणी आपल्याला आयती मिळाली आहे. मी फक्त म्हणायची दिशा बदलते. आपण बाराखडी आडवी म्हणतो: प पा पि पी. तीच उभी म्हणून घ्या: का, खा, गा, घा. की, खी, गी, घी. कू, खू, गू, घू. उभ्या ओळीत स्वर टिकून राहतो आणि व्यंजन बदलतं. दोन-तीन ओळी झाल्या की मूल स्वतःच पुढची ओळ लावू लागतं, कारण 'ऊ' त्याच्या हाती लागलेला असतो. सर, एकदा तुम्ही करून पाहा. तुमच्याइतकी बाराखडी ज्याला पक्की, तो हे माझ्यापेक्षा छान घेईल.

---

रानवाट

आमची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. शाळेत फोनिक्स चालू आहे. घरी मराठीत हे खेळ घेतले तर गोंधळ होईल का? आणि फोनिक्स म्हणजे हेच ना?

---

कानोकानी

हेच नाही, पण सख्खी भावंडं. फोनिक्समध्ये अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी शिकवतात. ध्वनिजाणीव म्हणजे ज्याच्याशी जोडी लावायची तो आवाज मुळात कानाला सुटा मिळणं. तो मिळाला नसेल तर फोनिक्सही पाठांतर होऊन बसतं.

गोंधळ होत नाही. उलट एका भाषेत आवाज सुटे करता येऊ लागले की ती समज दुसऱ्या भाषेच्या वाचनालाही उपयोगी पडते. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या, शाळेत इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या मुलांत १९९३ साली दुर्गुनोग्लू आणि सहकाऱ्यांना हेच आढळलं. जी भाषा मुलीच्या तोंडात सगळ्यांत घट्ट बसली आहे तिच्यात खेळा. मराठी असेल तर मराठीत, बिनधास्त.

एक सांभाळा. सुटा आवाज म्हणून दाखवताना 'म' म्हणू नका, ओठ मिटून 'म्म्म्' म्हणा. 'स' नव्हे, 'स्स्स्'. आपल्या अक्षरात 'अ' दडलेला असतो आणि तो चिकटला की पुढं 'म-आ-ळ' जुळवताना मूल अडखळतं. प्, ट्, क् हे आवाज लांबवता येत नाहीत. तिथं अगदी हलकेच, तुटक म्हणा. म्हणूनच सुरुवात नेहमी म्, स्, न्, ल् अशा ताणता येणाऱ्या आवाजांनी करावी.

---

ध्वनिलेखा

मी वाचा-उपचारक आहे. एका गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण ती नेहमी उशिरा लक्षात येते.

मूल आवाज ओळखण्यात सतत चुकत असेल, तर खेळ वाढवण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या. वारंवार सर्दी आणि कानाच्या तक्रारी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. मूल बहिरं नसतं, हाक मारली की वळतं, म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही. पण 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत.

दुसरं, उच्चार चुकतो म्हणजे ऐकण्यात चूक असतेच असं नाही. माझ्याकडे येणारा एक मुलगा 'कप'ला 'तप' म्हणतो. मी मुद्दाम म्हटलं, "हा तुझा तप?" तर चिडून म्हणाला, "तप नाही, तप!" माझा 'त' त्याला चुकीचा ऐकू आला. स्वतःला तो 'क'च म्हणतोय असं वाटत होतं. अशा मुलाचा कान शाबूत असतो, जिभेला वळण लावायचं असतं. घरी बघायचं असेल तर त्याला बोलायला न लावता विचारा. 'काटा' आणि 'ताटा' तुम्ही म्हणा आणि त्याला फक्त 'सारखे की वेगळे' एवढं सांगू द्या.

जुनीपाटी सरांनी मांडणीला हरकत घेतली असली तरी त्यांच्या बाराखडीतून मला रोज एक खेळ मिळतो. तोंडापुढं कागदाची पातळ पट्टी धरायची. 'क' म्हटलं तर पट्टी जेमतेम हलते, 'ख' म्हटलं की उडते. 'ट' आणि 'ठ'चंही तसंच. अल्पप्राण-महाप्राण हे शब्द न उच्चारता मुलाला फरक डोळ्यांनी दिसतो.

---

दोन_वेण्या

माझ्याकडून एक प्रसंग. त्यावरून मी अजून अस्वस्थ आहे.

भाचा पाच वर्षांचा. पहिल्या आवाजावरून चित्रांचे गट करायचे होते. मी 'च'ची चित्रं ठेवली: चमचा, चिमणी, चाक, चेंडू. सगळी एका डब्यात जायला हवीत ना! त्यानं चमचा आणि चाक एकीकडे ठेवले, चिमणी आणि चेंडू दुसरीकडे. मी म्हटलं, "सगळे च आहेत, एकत्र कर." तो म्हणाला, "नाही मावशी, हे वेगळे आहेत." मी जरा जोरातच सांगितलं. त्यानं मुकाट्यानं एकत्र केले आणि नंतर प्रत्येक चित्राला माझ्या तोंडाकडे बघून मग डब्यात टाकू लागला.

रात्री मी स्वतः ते शब्द हळू म्हणून पाहिले. चमचातला च दातांपाशी, चिमणीतला च टाळूपाशी. वेगळेच आहेत की! त्याला ऐकू आलं ते मला आयुष्यभर बोलूनही कधी जाणवलं नव्हतं.

---

कानोकानी

दोन_वेण्या, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. केवढा तयार कान आहे तुमच्या भाच्याचा! मराठीत च, ज, झ या अक्षरांना दोन-दोन उच्चार आहेत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, लिहिताना एकच, बोलताना वेगळे. लिपीनं ते वेगळे दाखवलेले नाहीत, म्हणून लिहिता येणाऱ्या माणसाला ते ऐकू येईनासे होतात. उद्या त्याला जवळ घेऊन सांगा, "तू ऐकलंस ते बरोबर. हे आवाज दोन आहेत, पण दोघांसाठी आपण एकच अक्षर लिहितो." पाच वर्षांच्या मुलाला हे व्यवस्थित कळतं. अशी आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देण्याची सवय लागली की मूल ऐकणं सोडून देतं, मला सगळ्यांत भीती तिची वाटते.

ओघात आलंच आहे तर आणखी दोन ठिकाणी आपण मुलांच्या कानावर अन्याय करतो. एक, ह्रस्व-दीर्घ. "नीट ऐक, पहिली वेलांटी की दुसरी?" असं आपण दरडावतो. पण रोजच्या मराठी बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक बहुतेक वेळा कानाला कळेल इतका नसतोच. ते लेखनाच्या नियमांवर आणि सवयीवर ठरतं. श आणि ष बहुतेक माणसं सारखेच उच्चारतात. या गोष्टी डोळ्यानं शिकवाव्यात, आणि त्यासाठी कानाला दोष देऊ नये.

दोन, अनुस्वार. मूल 'खांब'चं 'खाब' लिहितं, 'पंख'चं 'पख' लिहितं. हा निष्काळजीपणा नसतो. टिंब एकच, पण 'खांब'मध्ये ते म् सारखं वाजतं, 'बंद'मध्ये न् सारखं, 'पंख'मध्ये जीभ मागे टेकून. शिवाय तो आवाज पुढच्या व्यंजनाला चिकटलेला. इथं नाक कामाला लावा. चिमटीत नाक धरून 'खाब' म्हणायला सांगा, सहज जमतं. तसंच नाक धरून 'खांब' म्हणायला सांगा. आवाज मध्येच कोंडतो. मुलं खिदळतात आणि "इथं अडकलं!" असं ओरडतात. जिथं अडकलं तिथं टिंब. एकदा हे नाकाला कळलं की 'खाब' लिहिणं पुष्कळ कमी होतं.

आणि हो, मोठ्या मुलांसाठी 'च'ची भाषा विसरू नका. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा: 'काय'चं 'चयका', 'मला'चं 'चलाम'. सात-आठ वर्षांची मुलं ती तासन्‌तास बोलतात. तुकडा काढणं, हलवणं, परत जोडणं, सगळा व्यायाम त्यात होतो आणि कुणी शिकवतंय असं त्यांना वाटतही नाही.

---

रानवाट

त्या 'पू'वाल्या मुलीचं पुढं काय झालं? तुम्ही सांगणार होतात.

---

कानोकानी

राहूनच गेलं. सांगते.

पहिले दोन दिवस पाटी काढलीच नाही. पांढरे आणि लाल खडे घेतले. कागदावर शेजारी-शेजारी दोन चौकोन आखले. दानिल एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञानं आवाजांसाठी चौकोन वापरण्याची ही रीत रुजवली, मी तिला मराठीत बसवून घेतलंय. व्यंजनाला पांढरा खडा, स्वराला लाल. मी 'म्म्म्म्ऊऊऊ' असं लांबवून म्हणायचं. ओठ मिटलेले असताना तिनं पांढरा खडा सरकवायचा, ओठांचा चंबू झाला की लाल. समोर आरसा ठेवला होता. पहिल्या दिवशी ती दोन्ही खडे एकदमच सरकवायची, कारण तिच्यासाठी 'मू' एकच वस्तू होती. मी काही बोलले नाही, फक्त आणखी लांबवलं. शेवटी आरशात बघत बघत तिनं पांढरा सरकवला, थांबली, आणि ओठ पुढं आल्यावर लाल.

दुसऱ्या दिवशी लाल खडा तसाच ठेवून पांढरा बदलत गेलो. मू, नू, सू, लू. सहाव्या-सातव्या वेळी ती आपणहून म्हणाली, "लालवाला तर तोच आहे!"

तिसऱ्या दिवशी लाल खड्याच्या जागी उकाराची चिठ्ठी आणि पांढऱ्याच्या जागी अक्षर. 'मू' वाचलं. 'पू' वाचलं. मी मुद्दाम पूर्वी न घेतलेलं 'झू' लिहिलं. झ, झा, झि सुरू होतंय का म्हणून मी तिच्या ओठांकडे बघत होते. नाही झालं. सरळ 'झू' म्हणाली.

सगळ्या मुलांचं तीन दिवसांत होत नाही. एका मुलाला मला सात आठवडे लागले. वेलांटीला तर सगळ्यांनाच जास्त वेळ लागतो, कारण पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात आणि उच्चार नंतर येतो. तिथं खडे कानाच्या क्रमानं ठेवायचे आणि चिठ्ठी लावताना सांगायचं, "ही आधी बसते, पण बोलते नंतर."

पुढचा टप्पा आता सुरू केलाय. 'हात'मधला पहिला आवाज काढला तर काय राहतं? आत. 'काठ'मधला? आठ. 'रंग'मधला? अंग. आणि स्वर बदलायचे: माळ, मूळ, मेळ. तार, तीर. पान, पेन. ती घरी जाऊन आईची परीक्षा घेते म्हणे.

---

जुनीपाटी

बाई, तुम्ही म्हणालात म्हणून नातवाबरोबर उभी बाराखडी म्हटली. का-खा-गा-घा झालं, की-खी-गी-घी झालं. तिसऱ्या ओळीला मी 'कू' म्हटलं आणि मला खोकला आला, तर त्यानं पाणी आणायच्या आधी खू-गू-घू म्हणून टाकलं. चाळीस वर्षं शिकवलं, पण ही दिशा कधी सुचली नव्हती. मागच्या बाकांविषयी तुम्ही लिहिलंत ते रात्रभर डोक्यात राहिलं. माझ्या वर्गातली दोन-तीन तोंडं अजून आठवतात.

जोडाक्षरांचं कसं घेता, तेवढं सांगा.

---

कानोकानी

सर, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं.

जोडाक्षरंही आधी कानानंच घ्यावीत. 'सत्य', 'पत्र', 'पुस्तक'. हळू म्हणायला लावते: पुस्-तक. 'स्' कुठल्या तुकड्यात गेला? पहिल्या. पण लिहिताना तो दुसऱ्या अक्षराला जाऊन चिकटतो. मुलं 'पुसतक' लिहितात ती याच जागी. त्यांना 'स्' ऐकू आलेला असतो, फक्त त्याला स्वर नाही हे कळलेलं नसतं. म्हणून तिथं पांढरे खडे दोन आणि मध्ये लाल नाही, असं मांडून दाखवते. "याला लाल मिळाला नाही, म्हणून हा पुढच्याला धरून उभा आहे." रफार सगळ्यांत शेवटी घ्या. तो आवाजात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. दुसरीत घेतला तरी चालतो, घाई नको.

---

निळीशाई

मुलाला सांगितलं, "कमळचं तुझं बरोबर होतं, आई चुकली." तो एवढंच म्हणाला, "मग तू दोन वाजव." मी वाजवल्या. आता रोज हनुवटीचा खेळ चालतो.

पण लिहायचं ते वेगळंच. थोरली सहाची आहे, ती आमचं सगळं ऐकत असते. काल तिनं भावाला चित्र काढून दिलं आणि खाली लिहिलं 'पपट'. मी चूक दाखवली नाही. म्हटलं, "म्हण बरं, पोपट. ओठ गोल कधी होतात?" तिनं ओठांना बोट लावून दोन-तीनदा म्हटलं, पेन्सिल उचलली आणि काना-मात्रा नेमकी दुसऱ्या प ला दिली. मग स्वतःच वाचलं, "पपोट." भाऊ हसून लोळायला लागला. ती मात्र गंभीर होती. परत ओठांना बोट लावलं, "पो... पो आधी आहे," म्हणाली, खोडरबर मागितला आणि मात्रा पहिल्या प वर नेली.